सापडेना ‘शेतकऱ्याचे नाव’

शहापूरच्या एका सेवा केंद्र चालकांचं पत्र आलंय आणि त्यांचा प्रश्न माझ्या आवडीच्या खोडीवर नेमकं बोट ठेवतो.

धान खरेदीच्या नोंदणीचे दिवस. सातबारा, आधार, पासबुक घेऊन माणसं दारात उभी, आणि तीच माहिती दोन ठिकाणी भरायची. म्हणून त्यांनी चौकटी नावाने शोधून फॉर्म आपोआप भरणारी स्क्रिप्ट केली. एका फॉर्मवर ती सुरळीत चालते. दुसऱ्यावर ‘शेतकऱ्याचे नाव’ अशी चौकटच नाही म्हणून अडते. ते लिहितात, ‘चौकट समोर दिसते, अक्षरही तेच. मग आंधळं कोण?’

अशा स्क्रिप्ट लिहिण्याच्या साधनांपैकी एमआयटीच्या चिकनफूटने 2005 मध्ये आणि आयबीएमच्या कोस्क्रिप्टरने 2007 मध्ये धरलेली वाट अशी: पानाच्या पोटातली सांकेतिक नावं विसरा, डोळ्यांना दिसतं त्याच नावाने चौकटीला हाक मारा. प्रोग्रामर नसलेल्यांसाठी याहून शहाणी कल्पना मी पाहिलेली नाही. पण ‘दिसतं तेच असतं’ हे तिने गृहीत धरलं, आणि मराठीत घोडं तिथेच पेंड खातं.

‘शेतकऱ्याचे’मधला ‘ऱ्या’ घ्या. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘ऱ’ची स्वतंत्र कळ आहे, ती दाबून पाय मोडला आणि ‘या’ जोडला की झालं. दुसरी रीत युनिकोडच्या जुन्या आवृत्तीपासूनची: साधा ‘र’, हलन्त, मग न दिसणारं एक जोडचिन्ह, मग ‘या’. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. यंत्राला मात्र ती दोन वेगळी अक्षरं; फॉर्मवर एक रीत आणि स्क्रिप्टमध्ये दुसरी असली, की त्याला चौकट सापडत नाही. ‘र’खाली नुक्ता देऊन लिहिण्याचा तिसरा प्रकारही आहे, पण युनिकोडचं प्रमाणीकरण तो पहिल्यात मिसळून टाकतं. जोडचिन्हाला ते हात लावत नाही.

तूर्त उपाय सोपा. त्या पानावरूनच ‘शेतकऱ्याचे नाव’ कॉपी करून स्क्रिप्टमध्ये चिकटवा, स्वतः टाइप करू नका. खरा इलाज साधन बनवणाऱ्यांकडे आहे: तुलना करण्याआधी दोन्ही बाजूंचा ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ हा क्रम ‘ऱ, हलन्त’ असा करून घ्यायचा. एका ओळीचं काम. ते केंद्र चालकाच्या गळ्यात मारणं मला तरी पटत नाही.

आणि हो, एखाद्या फॉर्मवर शेतकऱ्याच्या आणि वारसदाराच्या दोन्ही रकान्यांना नुसतं ‘नाव’च म्हटलं असेल, तर कुठल्या भागातलं ‘नाव’ तेही स्क्रिप्टमध्ये लिहा. नाहीतर बापाचं नाव लेकाच्या जागी जायचं.