सुई टोचून ‘अशुद्ध रक्त’ काढल्यानं आजार बरा होतो का?

चिनी वैद्यकात तीन धारांची सुई टोचून थेंबभर रक्त काढतात. आपल्याकडेही हे जुनंच आहे. सुश्रुतसंहितेतल्या रक्तमोक्षणात शिरावेध, जळू, तुंबडी असे प्रकार आहेत. वैदू गावोगाव फिरून तुंबडी लावायचे.

पण रक्त गाळण्याचं काम मूत्रपिंडं आणि यकृत सतत करत असतात. थोडं रक्त काढून ते ‘शुद्ध’ होत नाही. पॉलिसायथेमिया, हिमोक्रोमॅटोसिस अशा मोजक्या आजारांत मात्र डॉक्टर आजही मोजून रक्त काढतात.

धोका काय? निर्जंतुक नसलेल्या सुईतून हिपॅटायटिस बी, एचआयव्ही पसरू शकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर रक्त लवकर थांबत नाही.

आणि साप चावल्यावर जखम कापून रक्त काढू नका. थेट रुग्णालय गाठा. विषावरचा उतारा तिथंच आहे.