तीन गळ्यांचा समुदाय

त्र्यंबकेश्वरीं भल्या पहांटे कुशावर्ताकडे जातांना वेदपाठशाळेंतील मुलांची संथा ज्यांनीं ऐकली असेल, त्यांना माझें पुढचें म्हणणें चटकन् उमगेल. गुरुजींनीं एक चरण म्हणावा आणि मुलांनीं तो मागून म्हणावा. कंठ वीसपंचवीस, पण आवाज एक. कोणाचा गळा कोणता हें ओळखूं येऊं नये, यांतच त्या पठणाची सिद्धि. आज मी याच्या नेमक्या उलट अशा एका करामतीविषयीं बोलणार आहें. तेथें गळे तीनच, परंतु ऐकणाऱ्यास वाटावें कीं शेंदोनशें माणसें गात आहेत!

ही करामत २१ नोव्हेंबर १९७५ रोजीं इंग्लंडांत निघालेल्या ‘ए नाइट ॲट द ऑपेरा’ या ध्वनिमुद्रिकेंत आहे. ‘क्वीन’ नांवाच्या चौघा तरुणांच्या मेळ्याची ही चौथी मुद्रिका. विलायतेंत त्या वेळीं ‘ग्लॅम रॉक’चें पर्व ओसरत आलें होतें. गायकानें चकचकीत पोषाख करावा, चेहरा रंगवावा, पुरुषानें स्त्रीवेषाची छटा घ्यावी, अशी ती तऱ्हा. बालगंधर्व पाहिलेल्या महाराष्ट्राला यांत दचकण्यासारखें फारसें नाहीं.

या मेळ्याचा मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी. मूळ नांव फारोख बलसारा. कुटुंब पारशी, जन्म झांजीबारचा, १९४६ सालचा. वयाच्या आठव्या वर्षीं त्याला शिक्षणासाठीं पांचगणीस धाडण्यांत आलें. ज्या सह्याद्रीवर आमचा ब्रह्मगिरि उभा आहे, त्याच सह्याद्रीच्या दक्षिणेकडील पठारावर, सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहांत, त्याचें बालपण गेलें. मुलाची ओढ पाहून शाळेच्या मुख्यांनीं आईवडिलांस कळविलें कीं, थोडी अधिक फी भरून यास रीतसर पियानो शिकवावा. तो शिकला, चौथ्या श्रेणीपर्यंत परीक्षा उत्तीर्ण झाला, शाळेच्या गायकवृंदांत गाइला. तेथेंच मुलांनीं ‘हेक्टिक्स’ नांवाचा एक मेळा काढला. त्यांत हा पियानोवर बसे, मुख्य गाणारा दुसराच होता. १९६३ मध्यें तो झांजीबारला परतला आणि पुढच्या वर्षींच्या राज्यक्रांतीनंतर कुटुंबानें इंग्लंड गांठलें.

एवढ्या धाग्यावरून त्याच्या गाण्यांत आपले राग शोधणारे लोक आहेत. मला तो खटाटोप व्यर्थ वाटतो. पांचगणीनें त्याला राग दिले नाहींत. पियानो दिला आणि चार आवाज निरनिराळ्या सुरांत एकत्र बांधण्याची पाश्चात्य विद्या कानीं घातली. हें देणें लहान नव्हे.

१९७५ मध्यें मेळ्याची आर्थिक स्थिति मोठी बिकट होती. गाणीं गाजत होतीं, पण गांठीं पैसा नव्हता. ही मुद्रिका फसती तर मेळाच मोडला असता, असें गिटारवादक ब्रायन मे पुढें सांगत आले आहेत. असें असतां या चौघांनीं बेतानें खर्च करावा कीं नाहीं? त्यांनीं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या एकाच गाण्याच्या मधल्या भागावर सुमारें तीन आठवडे घालविले!

त्याची रीत अशी. त्या काळच्या रुंद ध्वनिफितीवर चोवीस समांतर पट्टे असत आणि प्रत्येकावर वेगळा आवाज उतरवितां येई. मर्क्युरी, मे व ड्रमवादक रॉजर टेलर यांनीं मिळून एक ओळ एका पट्ट्यावर गावी. तीच पुन्हां दुसऱ्यावर गावी. मग वरचा सूर, मग खालचा. पट्टे भरले कीं ते सारे एकत्र करून एकाच पट्ट्यावर उतरावयाचे, म्हणजे बाकीचे पुन्हां मोकळे. मनुष्य तीच ओळ दोनदां अगदीं तंतोतंत गाऊं शकत नाहीं. सूर केसभर चढतो, शब्द क्षणार्धानें मागें राहतो. हे बारीक फरक एकावर एक पडले म्हणजे कान त्यांना निरनिराळीं माणसें समजतो. पाठशाळेंत जो फरक घालविण्यासाठीं वर्षानुवर्षें घोकावें लागतें, त्याच फरकावर येथें सारा समुदाय उभा राहिला. फीत इतक्या वेळां फिरली कीं तिच्यावरील मुलामा झिजून ती उजेडांत पारदर्शक दिसूं लागली, अशी आठवण सांगतात.

बाकीच्या गाण्यांतही असलेच खेळ आहेत. एका गाण्यांत गायकाचा आवाज कर्णयंत्रांतून पत्र्याच्या बादलींत सोडून तेथून टिपला आहे. दुसऱ्यांत शिंपी बोटाला घालतात तशीं टोपणें घालून नाचणाऱ्या पावलांचा आवाज काढला आहे. तिसऱ्यांत मे यांनीं वडिलांच्या मदतीनें घरींच बनविलेल्या गिटारीवर अख्खा जाझ बँड उभा केला आहे. यंत्रानें कृत्रिम स्वर निर्माण करणारा सिंथेसायझर मात्र कोठेंही नाहीं. तसें त्यांनीं वेष्टणावरच छापलें. कांहीं गाणीं निव्वळ चेष्टेचीं आहेत आणि एखादें पोरकट, हेंही सांगून टाकतों.

‘ऱ्हॅप्सडी’ची लांबी पांच मिनिटें पंचावन्न सेकंद. तीनचार मिनिटांच्या तबकडींत नाट्यपदें कोंबलेलीं ऐकलेल्या आपल्यासारख्यांना कंपनीची चिंता कळेल. एवढें लांब गाणें रेडिओवर कोण लावणार? लंडनच्या कॅपिटल रेडिओवरील केनी एव्हरेट या निवेदकानें तें दोन दिवसांत चौदा वेळां लावलें. पुढें तें ब्रिटनमध्यें नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलें. २४ नोव्हेंबर १९९१ रोजीं मर्क्युरी एड्सजन्य विकारानें वारला. त्याच डिसेंबरांत हें गाणें पुन्हां निघून पुन्हां पहिलें आलें आणि त्या विक्रीचा पैसा एड्सग्रस्तांसाठीं झटणाऱ्या संस्थेस देण्यांत आला.

ज्यांना तें ऐकावयाचें असेल त्यांनीं तीन मिनिटें झाल्यावर सावध व्हावें. पियानोचे ठोके एकटेच पडूं लागतात, आणि मग समुदाय येतो. सर्वांत खालचा गळा मे यांचा, मधला मर्क्युरीचा. शेवटीं जो आवाज सर्वांच्या डोक्यावरून अतितारांत निघून जातो, तो एखाद्या स्त्रीचा नव्हे. तो ड्रम वाजविणाऱ्या टेलर यांचा आहे.