परसातील मोगऱ्याची रोपे : एक पूरक उत्पन्न

मीरा रोड-भाईंदरच्या इमारतींतील सज्जांत कुंड्यांची हौस आहे. उत्तन, राई, मुर्धे येथील परसदारांना हे गिऱ्हाईक जवळच आहे.

सुरुवात मोगऱ्याने करावी. जून-जुलैत निरोगी झाडाच्या अर्धपक्व फांदीची १५ ते २० सें.मी. लांब, ३-४ डोळ्यांची छाट कलमे घ्यावीत. पिशव्यांत माती, वाळू व शेणखत समप्रमाणात भरून कलमे सावलीत ठेवावीत. विहिरीचे पाणी मचूळ असल्यास देऊ नये.

पालवी फुटली म्हणजे मुळे फुटली असे नव्हे. दीड-दोन महिन्यांनी मुळांनी माती धरल्यावरच रोप विकावे. रोप मेले की गिऱ्हाईक तुटते.

आंबा-चिकूची कलमे विकण्यास मात्र १९६९ च्या फळरोपवाटिका कायद्यानुसार परवाना लागतो. त्यासाठी कृषी विभागाकडे अर्ज करावा.