देवराज मोहल्ल्यातली सरकारी शाळा कुणाच्या हाती?

म्हैसूरच्या देवराज मार्केटभोवतीचा भाग म्हणजे देवराज मोहल्ला. महाराष्ट्रातून तिथे राहायला गेलेल्या पालकांना पहिला प्रश्न पडतो : शाळेच्या कामासाठी जायचं कुठे?

आपल्याकडे सरकारी प्राथमिक शाळा म्हणजे बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची. म्हैसूर शहरात मात्र महापालिकेकडे न जाता राज्याच्या शिक्षण खात्याकडे जावं लागतं. जिल्ह्याला उपसंचालक, त्यांच्या हाताखाली गटशिक्षणाधिकारी आणि त्याखाली जवळजवळच्या शाळांची केंद्रं, अशी ही उतरंड आहे.

शाळेच्या पातळीवर मात्र पालकांचा शब्द चालायला हवा. कन्नड मुलखात ‘एसडीएमसी’ म्हणतात ती आपली शाळा व्यवस्थापन समितीच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार तिच्यात किमान ७५ टक्के पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. शाळेचा विकास आराखडा करणं आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणं ही तिची कामं. दुपारचं जेवण वेळेवर मिळत नसेल, स्वच्छतागृहाला पाणी नसेल, तर आधी समितीत बोला. तिथे दाद लागली नाही, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

याच शहरात १८८१ मध्ये राजाश्रयाने मुलींची शाळा उभी राहिली. असा वारसा टिकवायचा, तर पालकांनी समितीच्या बैठकीला गेलंच पाहिजे.