लाळेची परीक्षा

२०२१ च्या एप्रिलमध्ये माझे वडील तालुक्याला जाऊन कोरोनाची तपासणी करून आले. नाकात काडी घालून केलेली झटपट चाचणी 'निगेटिव्ह' आली, म्हणून ते घरात निर्धास्तपणे वावरू लागले. तीन दिवसांनी ते तापाने फणफणले आणि पाठोपाठ आजीनेही अंथरूण धरले. सुदैवाने दोघेही बरे झाले. पण 'निगेटिव्ह' या शब्दावर कितपत विसंबावे, हा प्रश्न माझ्या मनात राहिला. मी कला शाखेची विद्यार्थिनी. तरीही त्या प्रश्नाचा माग काढताना जे उमगले, ते येथे मांडते.

कोरोनाचा विषाणू लाळेतही सापडतो. नळीत थुंकायला ना काडी लागते, ना प्रशिक्षित माणूस. खर्च असतो तो पुढे, लाळेतून विषाणूचा आरएनए वेगळा काढण्याच्या संचाचा. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या 'सलायव्हा-डायरेक्ट' पद्धतीत ही पायरीच गाळली आहे. लाळेत प्रोटिनेज-के हे विकर मिसळून ती ९५ अंश सेल्सियसला पाच मिनिटे तापवायची आणि थेट पीसीआर यंत्रात घालायची. १५ ऑगस्ट २०२० रोजी तिला तेथील अन्न व औषध प्रशासनाने तातडीच्या वापराची परवानगी दिली. आपल्या नागपूरच्या 'नीरी' संस्थेने मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांतून नमुना घेण्याची अशीच सुटसुटीत पद्धत काढली. तिला २०२१ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची मान्यता मिळाली.

परंतु स्वस्त चाचणी भरवशाची कशी करावी? लाळ मोठी लहरी. कोणाची घट्ट, कोणाची पातळ. शिवाय तिच्यातील काही विकरे आरएनए तोडून टाकतात. म्हणून नमुन्यापूर्वी अर्धा तास खाणेपिणे, तंबाखू वर्ज्य करतात. याहून महत्त्वाची युक्ती अशी की, त्याच नमुन्यात माणसाचे स्वतःचे एक जनुकही शोधतात. विषाणू नाही आणि तेही नाही, तर नमुनाच बिघडलेला! मग 'निगेटिव्ह' न म्हणता 'चाचणी पुन्हा करा' असे सांगायचे. परीक्षेत शून्य गुण मिळणे वेगळे आणि गैरहजर असणे वेगळे, तसेच हे.

दुसरा उपाय साध्या गणिताचा आहे. समजा, १०० बाधितांपैकी ८० जण चाचणीत सापडतात, २० निसटतात. दोन दिवसांनी त्या २० जणांची पुन्हा चाचणी केली आणि ती तितकीच चांगली चालली, तर चारच निसटतील. मात्र लगेच त्याच दिवशी केली तर एवढा लाभ होईलच असे नाही; कारण लागणीच्या आरंभी विषाणू थोडे असतात, ते वाढायला अवधी लागतो. म्हणूनच अमेरिकेच्या त्याच प्रशासनाने २०२२ मध्ये घरगुती अँटिजेन चाचण्या 'निगेटिव्ह' आल्यास ४८ तासांनी पुन्हा करण्याची शिफारस केली.

स्वस्त म्हणजे कमअस्सल, असे आपण मानतो. येथे उलट आहे. जी चाचणी परवडते, तीच पुन्हा करता येते. आणि पुन्हा केल्यानेच तिचा भरवसा वाढतो.

वडिलांना त्या दिवशी कोणी 'परवा पुन्हा या' म्हटले असते, तरी ते गेले नसते. तालुक्याला जायचे म्हणजे आणखी एक रोज बुडवायचा. म्हणून चाचणी स्वस्त हवी, आणि ती गावातच मिळायला हवी.