नऊ ते पाच ठिपके

अमरावती-अकोल्याकडे महालक्ष्म्यांच्या दिवसांत सडा टाकलेल्या अंगणात रांगोळीचे ठिपके पडतात. मधल्या ओळीत ९, मग वर आणि खाली ८, ७, ६, ५. एकूण ६१. प्रत्येक ओळीचा ठिपका आधीच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या फटीवर येतो, म्हणून सांगाडा षटकोनी होतो आणि सहा पाकळ्या बरोबर जुळतात. ‘नऊ ते पाच’ एवढंच शेजारणीला सांगा, तिच्याही अंगणात हाच सांगाडा उभा राहील. माझ्या लेखी हा प्रोग्रामच आहे.

तमिळ कोलमचं, म्हणजे तिकडच्या रांगोळीचं, असंच नियमांचं व्याकरण गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७४ मध्ये संगणकशास्त्राच्या भाषेत मांडलं. त्याआधी, १९६८ पासून, पॅरिसमध्ये चित्रकार व्हेरा मोल्नार संगणकाकडून चौकोन काढून घेत होत्या आणि त्या चौकोनांच्या शिस्तीत मुद्दाम थोडा विस्कळीतपणा सोडत होत्या.

आज ‘प्रोसेसिंग’ (२००१) ही कलाकारांसाठी घडवलेली भाषा फुकट मिळते. ६१ ठिपके दोन लूपमध्ये बसतात, रेघेचं वळण ‘रँडम’वर सोपवता येतं. चिमटीतून पूड सुटताना रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते. ते मात्र वेगळं लिहावं लागतं.