झोळीतला स्वरसांगाती

आषाढाचे मेघ दाटू लागले की महाराष्ट्रातील घराघरांना पंढरीच्या वाटेचे वेध लागतात. कोणी दिंडीबरोबर आळंदी-देहूहून पायी निघतो, कोणी एस.टी.ने वा आगगाडीने एकादशीला पंढरी गाठतो. पडशीतील धोतर, घोंगडी आणि टाळ यांच्या जोडीला अलीकडे आणखी एक वस्तू दिसू लागली आहे. ती म्हणजे अभंग, हरिपाठ आणि कीर्तने ऐकविणारे हातात मावणारे यंत्र. उत्सवाच्या पानावर यंत्राच्या खरेदीची चर्चा काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु बेताच्या मिळकतीच्या घरात हजार-पाचशे रुपयांची वस्तूही विचारपूर्वकच घेतली जाते, आणि ही वस्तू बहुधा घरातील वडीलधाऱ्यांसाठीच येते. निवड फसली तर पैसे जातातच. शिवाय ज्यांच्यासाठी ती आणली, त्यांचे कान सुनेच राहतात. म्हणून चार गोष्टी आम्ही येथे मांडीत आहोत.

फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट आणली आणि १९७९ साली सोनीचा वॉकमन निघाला, तेव्हा मुद्रित संगीत खिशात मावू लागले. तरी साठ मिनिटांच्या कॅसेटची बाजू अर्ध्या तासाने पालटावीच लागे. आज नखाएवढ्या मेमरी कार्डाने ती अडचण पुरती दूर केली आहे. सर्वसाधारण प्रतीच्या एमपी-थ्री ध्वनिमुद्रणाला मिनिटास सुमारे एक एमबी जागा लागते. म्हणजे एका जीबीत सतरा तास, तर ३२ जीबीच्या कार्डात पाचशेहून अधिक तासांचे गायन मावते. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर पालखी अडीच-तीन आठवड्यांत चालते. तेवढे सारे दिवस अहोरात्र वाजविले, तरी हे कार्ड संपावयाचे नाही. शिवाय अनेक स्वस्त यंत्रे ३२ जीबीहून मोठे कार्ड स्वीकारीतच नाहीत. तेव्हा अधिक जागेच्या मोहात पडून अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही.

घरात स्मार्टफोन असताना निराळे यंत्र कशाला, असा प्रश्न येथे निघेल. त्याचे उत्तर गर्दीत आहे. लाखोंच्या मेळ्यात चुकामूक झाली तर घरच्यांशी गाठ घालून देणारा तो फोनच असतो. त्याची बॅटरी गाण्यापायी दुपारीच संपविणे शहाणपणाचे नव्हे. शिवाय एकाच ठिकाणी इतकी माणसे जमली की इंटरनेट मंदावते आणि त्यावर विसंबलेले भजन अर्ध्यावरच अडते. गाणी यंत्रातच साठविलेली असावीत, हे उत्तम.

बाजारात मुख्यत्वे तीन प्रकार आढळतात. पहिला, कार्ड घालता येणारा बटणांचा साधा मोबाइल. त्यात बहुधा रेडिओ आणि विजेरीही असते. दुसरा, पेनड्राइव्ह वा कार्डावर चालणारा लहान स्पीकर. तो स्वस्त असतो आणि चार माणसांना एकत्र ऐकता येते. तिसरा, गाणी आधीच भरलेला. सारेगामाने २०१७ साली पाच हजार गीतांसह आणलेला ‘कारवाँ’ यातलाच. घरी बसून ऐकण्यास तो सुखावह; मात्र त्याचा मोठा नमुना पायी चालणाऱ्याच्या खांद्याला भारच होईल. वाटेवरच्या वृद्धासाठी पहिला प्रकार आम्हांस अधिक सोयीचा वाटतो. उठावदार बटणे अंधारातही बोटांना सापडतात, चष्मा शोधावा लागत नाही.

बॅटरीविषयी खोक्यावरील आकड्यांवर विसंबू नये. यंत्र घरी पूर्ण भारित करून नेहमीच्या आवाजात सलग वाजवावे आणि किती तास चालते ते घड्याळ लावून पाहावे. बॅटरी काढता-घालता येणारी असल्यास एक जादा जवळ बाळगता येते. दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेतून प्रत्यक्षात सुमारे दोन-तृतीयांशच वीज मिळते. तरी लहान यंत्र त्यावर पाच-सहा वेळा सहज भारित होते. आषाढात पावसाचाही विचार हवा. पाण्यापासून संरक्षणाची हमी नसलेले यंत्र जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावे आणि भिजल्यास पूर्ण सुकेपर्यंत चार्जिंगला लावू नये.

कानांची काळजी तर सर्वांत आधी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तासांपर्यंतच सुरक्षित आहे. आवाज वाढला की ही मर्यादा झपाट्याने घटते. रस्त्याने चालताना दोन्ही कान झाकणे धोक्याचे, कारण मागून येणाऱ्या वाहनाचा भोंगा ऐकू यावयास हवा. मुक्कामी मात्र इअरफोन अवश्य वापरावा. दिवसभर चालून निजलेल्या सोबत्याची झोप मोडून केलेले नामश्रवण कोणत्या देवास आवडेल?

गाणी भरून देण्याचे काम घरातील तरुणांनी करावे. काकडा, हरिपाठ, अभंग, प्रवचने असे निरनिराळे कप्पे करावेत. पुष्कळ स्वस्त यंत्रे गाणी ज्या क्रमाने भरली त्याच क्रमाने वाजवितात, म्हणून ती एकेक करून क्रमाने भरावीत. पंडित भीमसेन जोशी आणि प्रल्हाद शिंदे तर असावेतच. पण त्याहून मोलाचा ठेवा कदाचित घरातल्या फडताळात पडला असेल. आजोबांचे कीर्तन, आजीच्या ओव्या, गावच्या सप्ताहातले भजन कोणी कधीकाळी कॅसेटवर टिपलेले असते. दमट हवेत त्या फितीला बुरशी येते आणि आवाज विरत जातो. टेपरेकॉर्डर चालू आहे तोवर ती मुद्रणे संगणकावर उतरवून घ्यावीत आणि त्यांची एक प्रत या कार्डात घालावी. असा आवाज विकत आणावयाचा म्हटला, तर कोणत्या दुकानात मिळणार?

यंत्र प्रस्थानाच्या निदान आठ दिवस आधी घरी आणून ज्यांना वापरावयाचे आहे त्यांच्याच हाती द्यावे. त्यांना ते स्वतः सुरू करता आले, आवाज कमी-अधिक करता आला आणि हवा तो अभंग लावता आला, की खरेदी सार्थकी लागली असे समजावे. मग विसाव्याच्या झाडाखाली ते खुशाल वाजू द्यावे. दिंडीत टाळ-मृदंग घुमू लागले, की ते पडशीत ठेवून त्या घोषात आपला सूर मिळवावा. सर्व वारकऱ्यांची वाट सुखाची होवो, हीच विठ्ठलचरणी प्रार्थना.